नादाचा ताळेबंद

मराठीत ‘नाद’ या शब्दाचे दोन अर्थ आहेत. एक, कानाला गोड लागणारा आवाज. आणि दुसरा, माणसाला वाया घालवणारं वेड. देवळातल्या घंटेचा नाद ऐकून आपण हात जोडतो आणि ‘पोराला नाद लागला’ म्हणताना कपाळाला हात लावतो. मला लहानपणापासून तीन नाद लागले. गाण्याचा, विनोदाचा आणि टीव्हीचा. तिन्हींना आमच्या चाळीत एकच प्रश्न विचारला जायचा, ‘यानं पोट भरणार आहे का?’ पुढे बँकेत लागलो, तेव्हा हाच प्रश्न छापील फॉर्मवर भेटला. तिथे कर्जाचे दोन प्रकार होते, उत्पादक आणि अनुत्पादक. शिलाई मशीन उत्पादक, टीव्ही अनुत्पादक. जवळजवळ चाळीस वर्षं मी हे रकाने भरले. आता निवृत्तीनंतर वेळ हाताशी आहे, तेव्हा या नादांचा ताळेबंद एकदा स्वतःपुरता मांडून पाहावा म्हणतो.

आमची चाळ परळची. बाबा गिरणीत साचेखात्यात होते. गिरणगाव म्हटलं, की लोकांना भोंगा आणि धुराडं आठवतं. पण त्या धुराड्याखाली गाणं-हसणंही उदंड होतं. कोकणातली मंडळी शक्ती-तुरा आणि नमन घेऊन आली होती, घाटावरची भजन आणि तमाशा. अमर शेख, अण्णा भाऊ साठे, गवाणकर यांच्या लालबावटा कलापथकानं इथल्या मैदानांत सभा जागवल्या होत्या. दादा कोंडके नायगावच्या चाळीत वाढले आणि १९६५ साली ‘विच्छा माझी पुरी करा’ रंगमंचावर आल्यावर महाराष्ट्रभर पोचले. आठ तास यंत्रापुढे उभं राहिलेल्या माणसाला रात्री हसावंसं वाटतं, यात नवल ते काय?

साचेखात्यात शेकडो साचे एकाच वेळी खडखडत असत. तिथे माणसं ओठांच्या हालचालींवरून आणि हातवाऱ्यांवरून एकमेकांशी बोलत. अशा खात्यात वर्षानुवर्षं काम केलेल्या साचेवाल्यांचे कान हळूहळू जात. बाबांचेही गेले. पूर्ण नाही, पण हळू बोललेलं त्यांना ऐकू येईना. रेडिओवर बुधवारी रात्री आठला ‘बिनाका गीतमाला’ लागायची. अमीन सायानींचा तो उमदा आवाज ऐकायला अख्खी गॅलरी कान टवकारून बसायची आणि बाबा रेडिओच्या पेटीवर तळहात ठेवून बसत. ठेका हाताला कळतो, म्हणायचे. मुंबई आकाशवाणीवरच्या ‘पुन्हा प्रपंच’मध्ये टेकाडे भाऊजी, मीनावहिनी आणि पंत यांच्या गप्पा रंगत. आम्ही हसायचो. बाबा आमच्या तोंडाकडे बघून हसायचे. ते उशिरा हसतात, हे माझ्या लक्षात यायला बरीच वर्षं लागली.

२ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबईत दूरदर्शन सुरू झालं. तेव्हा मी बारा वर्षांचा होतो. आमच्या चाळीत पहिला संच आला तो दोनेक वर्षांनी, दुसऱ्या मजल्यावरच्या एका दुकानदार काकांकडे. लाकडी पेटी, पुढे सरकती दारं, खाली चार पाय. गुरुवारी ‘छायागीत’, शनिवारी मराठी चित्रपट, रविवारी हिंदी. त्या दिवशी काकांच्या दाराशी चपलांचा ढीग पडे. पाय धुऊन यायचं, भिंतीला टेकायचं नाही, आवाज करायचा नाही, असे नियम होते. माझी जागा उंबऱ्यावर. अर्धा आत, अर्धा गॅलरीत. दुसऱ्याच्या घरात हसायलाही एक रीत असते, हे मी त्या उंबऱ्यावर शिकलो. घरमालक हसले, की मोकळेपणानं हसायचं. ते गंभीर असतील, तर हसू गिळायचं. पडद्यावर मुंग्या आल्या, की गच्चीवर अँटेना फिरवायला धावायचा मान मात्र आम्हा उंबऱ्यावरच्यांचा. ‘व्यत्यय’ अशी पाटी लागली, तरी कोणी उठत नसे. उठलं तर जागा जायची!

बाबांची पाळी आठवड्या-आठवड्यानं बदलायची. दुसऱ्या पाळीच्या आठवड्यात त्यांचे सगळे कार्यक्रम हुकत. मध्यरात्री ते घरी येत. आई भाकरी वाढायची आणि जेवता जेवता बाबा मला हलवून विचारायचे, “काय दाखवलं रं आज?” मग मी डोळे चोळत उठायचो आणि ‘गजरा’मधलं प्रहसन त्यांना करून दाखवायचो. सगळी पात्रं मीच. शेजारी झोपलेले, म्हणून मोठ्यानं बोलायची सोय नाही आणि हळू बोललेलं बाबांना ऐकू येत नाही. तेव्हा चेहऱ्यानं बोलायचं, ओठ स्पष्ट हलवायचे, वाक्य छोटं ठेवायचं आणि हशाच्या जागेआधी जरा थांबायचं. बाबांचा घास तोंडाशी थांबला, की समजायचं, जमलं. पुढे मी कादंबऱ्या लिहिल्या. त्यातला संवादाचा अभ्यास कुठे केलात, असं लोक विचारतात. परळच्या दहा बाय बाराच्या खोलीत, रात्री साडेबारा वाजता, हे खरं उत्तर आहे.

सत्तरच्या दशकाच्या अखेरीस ‘चिमणराव’ आले. चि. वि. जोश्यांनी चिमणराव पहिल्यांदा पुस्तकात आणले ते त्याच्या चाळीसेक वर्षं आधी. पुण्याचा भित्रा कारकून आणि त्याचा धिप्पाड मावसभाऊ. आमच्या चाळीत ना कोणी पुण्याचं, ना पेठेतलं. तरी माणसं पोट धरून हसली. दिलीप प्रभावळकरांचा चिमणराव बोलण्याआधी डोळ्यांनी घाबरायचा आणि बाळ कर्व्यांचा गुंड्याभाऊ नुसता उभा राहिला, तरी धीर यायचा. बाबांना ऐकू न येताही सगळं कळायचं. या मालिकेला ते पहिल्यांदा आमच्या बरोबरीनं हसले. तो क्षण मला अजून स्पष्ट आठवतो. आमच्या घरात त्या दिवसापासून टीव्ही ही चैन राहिली नाही.

म्हणूनच १९८१ च्या दिवाळीत, मी बँकेत कारकून म्हणून कायम झाल्यावर, कर्मचाऱ्यांच्या पतपेढीचं कर्ज काढून कृष्णधवल टीव्ही घेतला. हप्ता पगारातून कापला जायचा. तीन महिनेही झाले नसतील, तोच १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. बाबाही त्यात होते. भोंगे थांबले आणि गिरणगाव इतकं शांत झालं, की बाबा म्हणाले, “आता बाकीच्यांनाबी माझ्यासारखंच ऐकू येतंय.”

माझ्या एकट्याच्या पगारावर सात माणसं होती. नातेवाईक सांगू लागले, टीव्ही विका आणि हप्ता वाचवा. हिशेबानं ते बरोबर होतं. मीही गिऱ्हाईक पाहून ठेवलं होतं. आईनं नाही म्हटलं. एरवी चार आण्यांच्या कोथिंबिरीसाठी घासाघीस करणारी माझी आई म्हणाली, “टीव्ही गेला, तर संध्याकाळी माणसं यायची बंद होतील. माणसं आली नाहीत, तर ह्यांच्याशी बोलणार कोण?”

ती खरं बोलत होती. रोज संध्याकाळी साचेखात्यातले सहा-सातजण आमच्याकडे येऊन बसत. आई कोरा चहा द्यायची. संप किती दिवस चालणार, हे त्या खोलीत कोणी विचारत नसे. १५ ऑगस्ट १९८२ ला देशात रंगीत प्रक्षेपण सुरू झालं. आमच्याकडे दिल्लीचं एशियाड काळं-पांढरंच दिसलं, पण कुणाचं अडलं नाही. बसणाऱ्यांपैकी एकेकजण गावी निघून गेला. त्याची जागा काही दिवस तशीच मोकळी राहायची. संप अधिकृतपणे कधी मागे घेतला गेलाच नाही आणि बाबाही पुन्हा गिरणीत गेले नाहीत. आजूबाजूच्या काही घरांत त्या दिवसांत काय काय झालं, ते मी जवळून पाहिलं आहे. आमच्या घरातला माणूस मोडला नाही. १९८४ साली ‘ये जो है जिंदगी’ सुरू झाली. शरद जोशींचं लेखन, कुंदन शहांचं दिग्दर्शन. त्यात सतीश शहा दर भागात वेगळ्या रूपात यायचे. बाबांना त्यातलं हिंदी फारसं कळत नसे, पण शुक्रवारी ते सगळ्यांच्या आधी सतरंजी अंथरत आणि म्हणत, “बघू, आज हा कोण झालाय!” काम गेलेल्या माणसाला शुक्रवारची वाट पाहावीशी वाटणं, ही गोष्ट कोणत्या रकान्यात लिहायची?

पुढे मी अधिकारी झालो. उपनगरातल्या एका शाखेत खाणावळ चालवणाऱ्या एक बाई टीव्हीसाठी कर्ज मागायला आल्या. मी नियमाप्रमाणे विचारलं, “मोठी भांडी, शेगडी असं काही नको का?” त्या म्हणाल्या, “साहेब, डाळभात कुठंबी मिळतो. पोरं माझ्याकडं टिकतात, ती घरच्यासारखं वाटतं म्हणून. अन् घरात टीव्ही असतो की नाही?” मी अर्ज मंजूर केला. शेरा ‘अनुत्पादक’ असाच मारला, कारण फॉर्मवर तिसरा रकाना नव्हता. त्यांनी एकही हप्ता चुकवला नाही.

आज माझा नातू कानात इअरफोन घालून मोबाइलकडे बघत एकटाच खदखदतो. मी तक्रार करत नाही. त्याला कुणाच्या उंबऱ्यावर बसावं लागत नाही, दुसरा हसल्यावर हसावं लागत नाही. हे चांगलंच झालं. जगातलं गाणं आणि विनोद त्याच्या खिशात आहे. उणीव असलीच, तर एवढीच, की पाहिलेलं कुणाला सांगण्याची गरज त्याला उरलेली नाही. आणि माझा अनुभव असा, की नादाची खरी मिळकत सांगण्यात असते. बघणं हे भांडवल झालं, फार तर.

आता वयानं माझेही कान कमी झाले आहेत. मी त्याला विचारतो, “काय झालं रे?” तो म्हणतो, “आजोबा, तुम्हाला नाही कळणार.” मी गप्प बसून राहतो. मग तो इअरफोन काढतो, उभा राहतो आणि आवाज बदलून, हातवारे करून सांगायला लागतो.

आज रविवार आहे. तुमच्याही घरात असं कोणी एकटं हसताना दिसलं, तर रागावू नका. काय झालं, ते विचारा. आणि ते सांगू लागलं, की मध्ये बोलू नका.