सही करणारा टीए

साताऱ्याच्या खंडाळा तालुक्यातला मुलगा इंजिनिअरिंगला लागला की पुणे गाठतो, नाहीतर खंबाटकी घाट ओलांडून कराड-सांगली. सांगलीचं कॉलेज धोंडूमामा साठ्यांनी १९४७ साली काढलं, १९५५ मध्ये ते ‘वालचंद’ झालं. कराडचं सरकारी कॉलेज १९६०चं. कुठेही जा, प्रॅक्टिकलचं जर्नल काही चुकत नाही. आणि ते तपासायला पुष्कळदा बसलेला असतो एम.टेक.चा पोरगा, म्हणजे टीए (टीचिंग असिस्टंट).

गेट परीक्षा पास झालेल्या पूर्णवेळ एम.टेक. विद्यार्थ्याला अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषद (एआयसीटीई) दरमहा १२,४०० रुपये देते. बदल्यात आठवड्याला आठ ते दहा तास विभाग सांगेल ते काम करायचं. लिहिलेलं कसं तपासावं, हे त्याला सहसा कुणी सांगत नाही. स्वतःच्या प्रबंधाचं पहिलं प्रकरण अडलेलं असतं, ते वेगळंच.

काँक्रीटचा प्रयोग घ्या. १५० मिलिमीटरचे तीन घन २८ दिवसांनी मशिनमध्ये दाबून फोडले. समजा, ताकद आली २६.७, २७.१ आणि २०.४ न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर. मुलगा सरासरी २४.७ काढतो आणि खाली सीनियरच्या जर्नलातला निष्कर्ष उतरवतो: काँक्रीटच्या ताकदीचा अभ्यास केला. टीए स्पेलिंगला गोल करतो, सही ठोकतो. पण भारतीय मानक ५१६ प्रमाणे एकेक आकडा सरासरीपासून १५ टक्क्यांच्या आत हवा. तिसरा साडेसतरा टक्के खाली आहे. साच्यात काँक्रीट नीट ठासलं नव्हतं, की घन मशिनमध्ये तिरका बसला? एवढं विचारलं असतं तर मुलाकडे लिहायला काहीतरी आलं असतं. जर्नल इंग्रजीत लिहायचं असलं तरी आधी मराठीत सांगू दे, इंग्रजी मागून येईल. आमच्याकडे लेखन कच्चं म्हणून व्याकरणाच्या तासिका वाढवतात. दुखणं एकीकडे आणि औषध भलतीकडे.

टोरंटोसारख्या विद्यापीठांत टीएंना लेखन शिकवण्याचं प्रशिक्षण देतात. त्यातली एक रूढ रीत फार सोपी आहे: एकच रिपोर्ट सगळ्यांनी वेगवेगळा तपासायचा आणि मग गुण शेजारी ठेवून मनसोक्त भांडायचं. एकाचे आठ, दुसऱ्याचे चार का, हे तिथेच उलगडतं. आपल्याकडे एआयसीटीईचा आठ मॉड्यूलचा प्रशिक्षणक्रम आहे, पण तो नव्या शिक्षकांसाठी. (खंडाळ्याच्याच नायगावात जन्मलेल्या सावित्रीबाईंनी रीतसर अध्यापनाचं शिक्षण घेतलं होतं, तेही एकोणिसाव्या शतकात.)

विभागप्रमुखांनी निधीची वाट पाहू नये. प्रॅक्टिकल सुरू होण्याआधी गेल्या वर्षीची पाच जर्नलं काढावीत, सगळे टीए एका खोलीत बसवावेत आणि त्यांना असंच गुणांवरून भांडू द्यावं. सुरुवातीला एक दुपार पुरते.