अल्मोड्याचे घर

‘घर पाहावे बांधून’ अशी आपल्याकडे म्हण आहे. आमच्या घराण्यात मात्र तीन पिढ्यांत घर बांधण्याची किंवा विकत घेण्याची पाळी कोणावर आली नव्हती. आजोबा बडोद्याच्या कलावंत कारखान्यात तबलावादक होते. दांडिया बाजारामागच्या गल्लीत त्यांना राहावयास जागा मिळाली ती खानगी खात्याकडून. आमचे अण्णा त्याच जागेत जन्मले, आणि मीही. १९४९ साली संस्थान विलीन झाले तेव्हा अण्णा पंधरा वर्षांचे होते, आजोबांच्या मागे बसून साथीचे धडे घेत होते. फैयाजखाँसाहेबांना त्यांनी जवळून ऐकले होते. दरबार संपला तरी राजवाड्यातील गणपतीला अण्णांना बोलावणे येत राहिले, आणि लोक त्यांना अखेरपर्यंत दरबारी कलावंत म्हणत राहिले. जागेला मात्र भाडे लागू झाले, पुढे मालक बदलले, आणि २०१९ साली नव्या मालकाने ती रिकामी करून घेतली. तक्रारीला जागा नव्हती. कागद त्याच्या बाजूचे होते. ज्याला आम्ही इतकी वर्षे ‘आपले घर’ म्हणत आलो ते आपले कधीच नव्हते, एवढेच त्या दिवशी समजले. हे पाहावयास अण्णा हयात नव्हते, ते बरे झाले.

त्यानंतर शहराच्या कडेला एका सदनिकेत आम्ही भाड्याने राहिलो. खालच्या मजल्यावरचे गृहस्थ सज्जन होते; पण पहाटे डग्ग्याचा घुमारा त्यांच्या छतातून उतरू लागला तेव्हा त्यांनी हात जोडले. सकाळी आठच्या आत नको, रात्री नऊनंतर नको. मी शाळेतला संगीतशिक्षक. या दोन वेळा वगळल्या तर रियाजाला उरते काय? घर घ्यावयाचे ते तेव्हा ठरले. कोठे, हा विचार मी करीत होतो, तोच सौभाग्यवती म्हणाल्या, “अहो, दर फाल्गुनात जाता तिथेच घ्या की. निदान परत येताना चेहरा पाडून तरी येणार नाही.”

मी दर फाल्गुनात जातो ते अल्मोड्यास. संगीत महाविद्यालयात माझ्याबरोबर शिकलेला एक मित्र तेथे अध्यापक आहे. त्याने २०११ साली मला प्रथम होळीला बोलावले. रेल्वे काठगोदामला संपते. तेथून भवाली, गरमपाणी करीत मोटार सुमारे नव्वद किलोमीटर वळणे घेत जाते, आणि घोड्याच्या खोगिरासारख्या डोंगरकण्यावर वसलेले गाव समोर येते. उंची सुमारे १,६०० मीटर. एका अंगाला कोसी नदी, दुसऱ्या अंगाला सुयाल. सोळाव्या शतकात चंद राजांनी येथे राजधानी आणली, म्हणजे हेही आपल्यासारखेच एक जुने राजधानीचे गाव. आज ते विद्यार्थ्यांचे गाव आहे. कुमाऊं विद्यापीठाचा येथील परिसर २०२० साली सोबनसिंह जीना विद्यापीठ झाला. बागेश्वर, पिथौरागडकडच्या खेड्यांतली मुले-मुली येथे एकेक खोली घेऊन राहतात आणि संध्याकाळी बाजाराच्या दगडी फरशीवर घोळक्यांनी फिरतात.

पण मला तेथे ओढून नेले ते होळीने. कुमाऊंची बैठकी होळी पौषातल्या पहिल्या रविवारी सुरू होते. वसंतपंचमीपर्यंत भक्तीची पदे, पुढे शृंगार आणि रंग. काफी, खमाज, देस, झिंझोटी करीत शेवटी भैरवी. गाणारे कोण? कारकून, दुकानदार, वकील, प्राध्यापक. एक जण ओळ उचलतो, वळणावर आणून सोडतो. दुसरा ती उचलतो, मग तिसरा. याला तेथे ‘भाग लगाना’ म्हणतात. ज्याचा सूर कच्चा त्यालाही त्याचा भाग मिळतो, आणि कोणी हसत नाही. त्यांच्या ठेक्याची चाल आपल्या दीपचंदीच्या जवळची, पण वजन निराळे. पहिल्या रात्री मी, दरबारी कलावंताचा मुलगा, दोनदा समेवर चुकलो. तेव्हाही कोणी हसले नाही. उदयशंकरांनी आपले कलाकेंद्र याच गावी काढले होते, आणि ते १९४४ साली बंद पडण्यापूर्वी मैहर दरबारचे अल्लाउद्दीनखाँसाहेब तेथे शिकवून गेले. आणखी एक नवल म्हणजे येथील पंत मंडळी आपले मूळ पुरुष कोकणातून आल्याचे सांगतात. गोविंदवल्लभ पंत त्यांच्यातलेच. त्यांचा जन्म १८८७ साली अल्मोड्याजवळच्या खूंट गावी झाला.

असो. होळीला जाणे निराळे आणि घर घेणे निराळे. २०२१ पासून दोन वर्षे मी सुट्ट्यांत घरे पाहिली. त्यात जे शिकलो ते येथे सांगतो, कारण पहाडात घर घेण्याची स्वप्ने आपल्या शहरातही पुष्कळ जण पाहतात.

पहिली गोष्ट पायऱ्यांची. घर ‘सडकेला लागून’ आहे की सडकेखाली, हे आधी विचारावे. मी पाहिलेले एक घर रस्त्याखाली एकशे चाळीस पायऱ्यांवर होते. सिमेंटची गोणी असो, गॅसची टाकी असो, पाठीवरूनच उतरायची, आणि आजारी माणूस पाठीवरूनच चढायचा.

दुसरी पाण्याची. अल्मोड्यात पूर्वी शेकडो नौले होते. नौला म्हणजे झऱ्यावर बांधलेली, देवळासारखी छोटी दगडी विहीर. त्यांतले बहुतेक आटले, कित्येक घरांखाली गाडले गेले. आता कोसीचे पाणी पंपाने वर चढवतात. नळ किती वाजता येतो, हे दलालाला न विचारता शेजारणीला विचारावे.

तिसरी गोष्ट जमिनीच्या पोटाची. उतार कापून जी दगडी भिंत घालतात तिला तेथे पुश्ता म्हणतात. घर उन्हाळ्यात पाहू नये, भर श्रावणात पाहावे. पुश्त्याच्या भोकांतून पाणी वाहत असेल तर ते शुभचिन्ह समजावे; भोके कोरडी आणि भिंतीचे पोट सुटलेले असेल तर पाणी आत साठते आहे. जवळून गधेरा, म्हणजे डोंगरओहोळ, जात असेल तर आपण दुसरीकडे जावे. सप्टेंबर २०१० च्या पावसात अल्मोडा जिल्ह्यात दरडींखाली माणसे गेली. जोशीमठला २०२३ च्या जानेवारीत घरांच्या भिंती कशा तडकल्या आणि कुटुंबांना कसे हलवावे लागले, हे सर्वांनी वाचलेच आहे.

चौथी कागदाची. तेथे जमीन नालीत मोजतात. एक नाली म्हणजे सुमारे दोनशे चौरस मीटर. नगरहद्दीबाहेर बाहेरच्या माणसाला राहण्यासाठी २००७ पासून २५० चौरस मीटरच, म्हणजे सव्वा नाली, परवानगीविना घेता येते. २०२५ च्या दुरुस्तीने तर हरिद्वार आणि ऊधमसिंहनगर सोडून बाकीच्या अकरा जिल्ह्यांत बाहेरच्यांना शेतीची आणि बागायतीची जमीन घेणे बंद झाले. मला यात राग मानण्यासारखे काही वाटत नाही. डोंगरात कसण्याजोगी जमीन मूळची थोडी. ती पैसेवाल्यांच्या हाती गेली तर तिथल्या मुलांनी उभे कोठे राहावे?

आता ज्या घराने माझी झोप उडवली त्याची हकीकत.

ते नगरहद्दीला लागून असलेल्या एका खेड्यात होते. दगडी भिंती, पाटीच्या दगडाचे छप्पर, दाराच्या चौकटीवर वेलबुट्टीचे कोरीव काम, उंबऱ्यावर गेरू आणि तांदळाच्या पिठाचे ऐपण. समोरच्या फरसबंद अंगणाला म्हणतात पटांगण आणि तळमजल्यावर गुरे बांधण्याच्या जागेला गोठ. हे दोन शब्द ऐकून मी निम्मा विकला गेलो. घरात एक वृद्ध बाई एकट्याच राहत. सारे त्यांना आमा, म्हणजे आजी, म्हणत. वरच्या पुढच्या खोलीत त्यांनी चहा दिला. माझ्यापाशी तंबोरा होताच, कारण रात्री बैठक होती. संगीताच्या माणसाने घर कानाने पाहावे असे मला वाटते. मी जोडाच्या तारा जुळवल्या आणि नुसता बसून राहिलो. लाकडी छत, मातीने सारवलेली जमीन. सूर कोठे आपटत नव्हता, कोठे विरत नव्हता. दांडिया बाजारातल्या आमच्या माजघरात अगदी असेच होत असे. आमा म्हणाल्या, “माझे यजमान याच कोपऱ्यात बसून होळी म्हणायचे.”

दुसऱ्या दिवशी दलालाने कागद दाखवले. खाते होते ‘गोल’. पहाडात हा शब्द पुन्हा पुन्हा ऐकू येतो. गोल खाते म्हणजे आजा-पणजाच्या नावावरची मिळकत वारसांच्या नावे एकत्र चढलेली. प्रत्येकाचा भाग आहे, पण कोणती खोली, कोणता बांध कोणाचा, हे वेगळे झालेले नाही. या घरात अकरा भाग होते. दहा जण हल्द्वानी, लखनौ, दिल्ली येथून सही द्यावयास राजी होते. अकरावा, आमांच्या दिराचा मुलगा, दिल्लीत टॅक्सी चालवीत असे आणि फोन उचलीत नसे. दलाल म्हणाला, “मास्टरजी, दहा सह्या म्हणजे घर तुमचंच. ताबा घ्या, कुलूप लावा, तो काय करणार आहे? चार वर्षांत आलेला नाही.”

त्या रात्री मला झोप लागली नाही. वकिलाला विचारले तर तो ‘नको’ म्हणणार हे ठाऊक होते. खरा प्रश्न वकिलाचा नव्हता. माझ्या आयुष्यातले पहिले घर, तेही अण्णांच्या घरासारखे बोलणारे, माझ्या पैशात बसत होते. आणि एक माणूस, ज्याला मी पाहिलेलाही नाही, कोठल्याशा रस्त्यावर गाडी चालवीत मनात ‘आपले घर पहाडात आहे’ म्हणत असेल. २०१९ साली दारात कुलूप घेऊन उभा असलेला माणूस मला आठवला. त्याच्यापाशी निदान सगळे कागद होते.

मी सकाळी आमांना नाही म्हणून सांगितले. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, “च्यला, बरं केलंस. मीही सही करणार होते, पण मन लागत नव्हतं. तो पोरगा माझ्याच हातचं खाऊन वाढलाय.” च्यला म्हणजे बाळा, मुला.

दलालाचे आणि माझे बोलणे तेथेच संपले. परतीच्या गाडीत मी खिडकीबाहेर पाहत बसलो, हे कबूल करतो. सौभाग्यवतींना फोनवर सारे सांगितले. त्या म्हणाल्या, “चेहरा पाडलाच ना शेवटी? पाडा. हे मात्र योग्य केलंत.”

२०२३ साली आम्ही घर घेतले. नगरहद्दीत, विद्यापीठाच्या परिसरापासून चालत पंधरा मिनिटांवर. सिमेंटचे, दोन मजली, पिवळ्या रंगाचे, कोणाच्याही लक्षात राहू नये असे. एकच मालक, एकच सही, पायऱ्या बावीस. पुश्त्याच्या भोकांतून पाणी वाहताना श्रावणात मी स्वतः पाहिले. वर बागेश्वरकडच्या दोन मुली भाड्याने राहतात. त्यांच्या भाड्यात डागडुजी निघते, आणि मी नसतो तेव्हा घरात दिवा लागतो. पहाटे मी डग्गा लावला की त्या तक्रार करीत नाहीत. परीक्षेच्या दिवसांत उलट म्हणतात, ‘सर, जरा लवकर सुरू करा, जाग येते.’ खोली मात्र घुमते. तंबोऱ्याचा सूर भिंतीवर आपटून परत येतो. जाजम, गाद्या, रजया टांगून तो थोडा नमवला आहे. सारवलेल्या जमिनीची सर त्याला यावयाची नाही.

गेल्या पौषात पहिल्या रविवारची बैठक प्रथमच आमच्या घरी झाली. मित्राने वीस-पंचवीस माणसे आणली. आमा बावीस पायऱ्या चढून आल्या. बरोबर चाळिशीचा एक अबोल माणूस होता. “हा आला,” एवढेच त्या म्हणाल्या. अकरावा भाग कोणाचा, हे मला निराळे विचारावे लागले नाही. तो दाराशी बसला. मध्यरात्र उलटल्यावर काफी रंगात आला, ओळ फिरत फिरत दाराकडे गेली आणि तिथे क्षणभर अडली. मी ठेका धरून ठेवला. मग त्याने ती उचलली. आवाज गाडी चालवून खरखरीत झालेला होता, सूर थोडा उतरलेला होता. कोणी हसले नाही.