खाजण-बांधांची निगा आणि तिचा खर्च

गोमंतकात मांडवी, झुवारी आदी नद्यांच्या काठची सखल भूमी बांध घालून भरतीच्या खाऱ्या पाण्यापासून राखलेली आहे. तीस खाजण म्हणतात. जुन्या पूरनियंत्रक बांधकामांची निगा अपुऱ्या द्रव्यात कशी राखावी, या प्रश्नाचा विचार करण्यास हे उदाहरण फार उद्बोधक आहे.

खाजणाची रचना साधी आहे. चिखल व पेंढा यांचा बांध, नदीच्या बाजूस जांभ्या दगडाचे अस्तर, आणि बांधात ‘मानस’ नावाचे लाकडी झडपांचे द्वार. भरतीच्या दाबाने झडपा मिटतात. ओहोटीस आतील पाण्याच्या दाबाने त्या उघडतात व शेतातील पावसाचे पाणी बाहेर पडते. या रचनेस इंधन लागत नाही, परंतु अखंड लक्ष लागते. खेकड्याने पाडलेले भोक प्रारंभी ओंजळभर चिखलाने बुजते. तसेच राहिल्यास दिवसातून दोन वेळा चढणारे पाणी ते रुंदावते व अखेरीस बांधास खिंडार पडते. मग जमिनीत मुरलेले मीठ पावसाने धुपून जाईपर्यंत भाताचे पीक हातचे जाते. म्हणजे खर्चाचे मान दोषाच्या आकारापेक्षा विलंबावर अधिक अवलंबून असते.

पूर्वी ही जबाबदारी गावकरी संस्थेकडे, म्हणजे कोमुनिदादीकडे होती. मानशीवरील मासेमारीच्या लिलावाचे उत्पन्न हा निगेच्या खर्चाचा एक आधार होता. १९६४ च्या कूळ कायद्यानंतर गावकरीचा या भूमीशी असलेला संबंध सैल झाला आणि १९७५ च्या नियमांनी बांधांची सामूहिक जबाबदारी कुळांच्या संघांकडे आली. दरम्यान भातशेती आतबट्ट्याची होत गेली व मासळीचे मोल वाढले. परिणामी काही ठिकाणी लिलाव घेणाराच खारे पाणी आत घेऊ लागला. जे उत्पन्न बांध राखण्यासाठी होते, तेच शेत बुडविण्याचे निमित्त ठरले. खनिज वाहून नेणाऱ्या बार्जांच्या लाटांनीही काठांची धूप वाढविली.

अशा स्थितीत केवळ अनुदान वाढविल्याने प्रश्न सुटेल असे नाही. खिंडार पडल्यावर मिळणारा मोठा निधी दृष्टीस भरतो. परंतु पावसाळ्यापूर्वीची पाहणी, झडपांची दुरुस्ती व गळती बुजविणे यांसाठी नियमित मिळणारी अल्प रक्कम अधिक फलदायी होय. लिलावाच्या उत्पन्नाचा ठरीव अंश निगेसाठी राखून ठेवणे आणि झडपा मिटण्या-उघडण्याची जबाबदारी लिलावाच्या अटींत घालणे, हे दोन्ही उपाय अल्पव्ययाचे आहेत. नदीकडील खारफुटी राखल्यास लाटांचा मारा विनामूल्य सौम्य होतो.

बांधाचे आयुष्य त्याच्या दगडमातीवर जितके, तितकेच त्याच्या राखणीत कोणाचे हित गुंतले आहे यावर अवलंबून असते. ते हित तुटले की उत्तम बांधकामही जीर्ण होते. ते जुळले तर मातीचा बांधही टिकतो.