उंबरठ्याआडचा भेदभाव

मूलभूत हक्क म्हणजे नागरिकाने सरकारविरुद्ध उगारावयाचे शस्त्र, अशी समजूत आपल्याकडे रूढ आहे आणि ती बव्हंशी खरीही आहे. परंतु घटनाकार इतके भोळे नव्हते. १९२७ साली महाडच्या चवदार तळ्यावर अस्पृश्यांना अडविणारे हात सरकारचे नव्हते. नगरपालिकेने तर तळे सर्वांस खुले केल्याचा ठराव केला होता. अडविले ते गावाने. वर तळे खासगी मालकीचे असल्याचा दावाही गुदरण्यात आला, आणि त्याचा अखेरचा निकाल लागण्यास १९३७ साल उजाडले!

हा अनुभव गाठीशी असल्यामुळेच अनुच्छेद १५ (२), १७, २३ आणि २४ यांचा रोख सरकारपुरता राहिला नाही. दुकान, उपाहारगृह, हॉटेल यांत धर्म, वंश, जात, लिंग वा जन्मस्थान यांवरून कोणाही नागरिकास मज्जाव करता येत नाही. आमच्या पर्यटन-व्यावसायिकांनी हे ध्यानी ठेवलेले बरे. जो कोणी सेवा मागावयास येईल त्याला ती देण्यास मालक तयार असतो ते दुकान, असा त्या शब्दाचा व्यापक अर्थ डॉ. आंबेडकरांनी २९ नोव्हेंबर १९४८ रोजी घटनासमितीत सांगितला. त्याच अर्थाच्या आधारे सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली खासगी शिक्षणसंस्थांनाही त्या कक्षेत आणले.

१९८२ सालचा आशियाई क्रीडास्पर्धांच्या मजुरांचा निकालही असाच मोलाचा. दिवसाची किमान मजुरी सव्वानऊ रुपये. त्यातून जमादार एक रुपया कापून घेई. किमान वेतनाहून कमी देऊन राबविणे ही वेठबिगारीच होय आणि तिच्याविरुद्धचा हक्क खासगी ठेकेदारावरही बजावता येतो, असे न्या. भगवती यांनी ठणकावले. ठेकेदाराकडे बोट दाखवून सुटण्याची सरकारची वाटही त्यांनी बंद केली.

मात्र घराच्या उंबरठ्याशी हा विचार अडखळला. अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण संस्थेचा सभासदत्व पारशांपुरते राखणारा नियम २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने वैध ठरविला. संस्था म्हणजे ‘राज्य’ नव्हे, हे कारण. अस्पृश्यतेपोटी घर नाकारल्यास १९५५ चा कायदा आहे. परंतु आडनाव ऐकून, धर्म ओळखून ‘जागा गेली’ असे सांगणाऱ्याचे काय?

जानेवारी २०२३ मध्ये पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने चार विरुद्ध एक अशा बहुमताने १९ व २१ या अनुच्छेदांतील हक्क खासगी व्यक्तींविरुद्धही बजावता येतात, असा निर्वाळा दिला. न्या. नागरत्ना यांनी भिन्न मत नोंदविले: अशा तक्रारींना सामान्य कायद्याचा मार्ग आहे, कायद्याने मान्यता दिलेल्या बाबी आणि बंदीप्रत्यक्षीकरणाचा अर्ज एवढेच काय ते अपवाद. आम्हांस बहुमताचे तत्त्व पटते, परंतु न्या. नागरत्ना यांची शंका दुर्लक्षिण्याजोगी नाही. कोणत्या खासगी इसमावर, कोणत्या प्रसंगी, किती दायित्व, याचा नकाशा त्या निकालात सापडत नाही. आणि रिट अर्जाचा खर्च भाड्याची खोली शोधणाऱ्यास कसा परवडावा?

तेव्हा हे काम संसदेने कायदा करूनच उरकले पाहिजे. स्वतःच्या राहत्या घरात कोणास ठेवावे हे घरमालकाने खुशाल ठरवावे. परंतु पन्नास सदनिका बांधून जाहिरात देऊन विकणारा आणि खोल्यांवर व्यापार करणारा यांचे कार्यालय आंबेडकरांच्या व्याख्येने दुकानच होय. तेथे गिऱ्हाइकाने पैसे मोजावेत. जात-धर्म सांगण्याचे त्याला कारण नाही.