कानाच्या पडद्याला ठिगळ कशाचे?

कान फुटून पडद्याला पडलेले भोक कधी आपोआप भरते. काही महिन्यांत भरले नाही, तर शस्त्रक्रियेने ठिगळ लावतात. ते बहुधा रुग्णाच्याच शरीरातले असते. कानशिलाच्या स्नायूवरचे पातळ आवरण सर्वाधिक वापरले जाते. भोक मोठे असेल, आधीची शस्त्रक्रिया फसली असेल किंवा पडदा आत ओढला जात असेल, तर कानाच्याच मऊ हाडाचा, म्हणजे कूर्चेचा तुकडा घेतात. तो जाड असल्याने ऐकू कमी येईल, अशी भीती वाटते. पण पातळ कापून लावल्यास सहसा तसे होत नाही. आपल्याला कोणते ठिगळ आणि का, हे डॉक्टरांना नि:संकोच विचारा. शस्त्रक्रियेनंतर नाक जोरात शिंकरू नका. भोक असलेल्या कानात तेल, पाणी मुळीच जाऊ देऊ नका.