पगारातून कापलेले पैसे जातात कुठे?

मॉलमध्ये साफसफाईचे काम करणाऱ्या आमच्या वस्तीतील एका ताईने नवऱ्याच्या ऑपरेशनसाठी व्याजाने पैसे काढले. पुढे तिची पगाराची पावती आम्ही पाहिली, तर दर महिन्याला 'ईएसआय' म्हणून रक्कम कापलेली! म्हणजे ज्या उपचाराचे पैसे ती आधीच भरत होती, त्याच उपचारासाठी ती कर्जबाजारी झाली. ठेकेदाराने कार्ड दिले नाही आणि तिला कोणी सांगितलेही नाही.

ईएसआय म्हणजे राज्य कामगार विमा. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री होते. त्याच काळात १९४३ मध्ये प्रा. बी. पी. अदारकर यांच्याकडे कामगारांच्या आरोग्य विम्याची योजना तयार करण्याचे काम सोपवले गेले. १९४४ मध्ये त्यांचा अहवाल आला आणि त्यातूनच १९४८ चा कायदा उभा राहिला. म्हणून ईएसआय हा मालकाचा उपकार नाही, आपला हक्क आहे.

महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार असलेल्या कामगाराला हा विमा लागू होतो. दिव्यांगांसाठी ही मर्यादा २५,००० रुपये आहे. कामगाराचा हप्ता पाऊण टक्का आणि मालकाचा सव्वातीन टक्के. पगार १५,००० असेल तर आपले ११३ रुपये आणि मालकाचे ४८८. मालकाचा हिस्सा आपल्या पगारातून कापणे बेकायदेशीर आहे. या हप्त्यावर कामगाराला, पती किंवा पत्नीला, मुलांना आणि अवलंबून असलेल्या आईवडिलांना उपचार मिळतात. आजारपणाच्या रजेत वर्षाला ९१ दिवसांपर्यंत ७० टक्के पगार मिळतो. त्यासाठी सहामाहीत किमान ७८ दिवसांचा हप्ता भरलेला असावा लागतो. बाळंतपणासाठी २६ आठवड्यांचा पूर्ण पगार मिळतो.

आता कायदा बदलला आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली. हंगामी कारखाने वगळता १० किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापना तिच्या कक्षेत येतात. सरकारने धोकादायक ठरवलेल्या कामात एकच कामगार असला तरी त्याला विमा लागू करता येतो. दहापेक्षा कमी कामगार असतील तर मालक आणि बहुसंख्य कामगार मिळून स्वखुशीने सामील होऊ शकतात. कामगार ठेकेदाराचा असला तरी त्याच्या हप्त्याची जबाबदारी मुख्य मालकाला झटकता येत नाही. साफसफाई, सुरक्षारक्षक, हाउसकीपिंग अशा कामांत आपले बंधू-भगिनी मोठ्या संख्येने ठेकेदाराकडे आहेत. त्यांच्यासाठी हा मुद्दा फार महत्त्वाचा आहे.

पण कायदा कागदावर असून भागत नाही. या महिन्यात एवढे करा:

१. पगाराची पावती मागा आणि त्यात ईएसआयची कपात आहे का ते पाहा.

२. दहा आकडी विमा क्रमांक आणि ई-पहचान कार्ड मागा. कार्डावर घरच्यांची नावे आहेत का ते तपासा.

३. हप्ता कापूनही भरला नसेल, तर ईएसआयच्या शाखा कार्यालयात लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. मालकाने हप्ता चुकवला तरी महामंडळ कामगाराला लाभ देऊन ती रक्कम मालकाकडून वसूल करू शकते. मोफत चौकशीसाठी क्रमांक: १८०० ११ २५२६.

४. नोकरी बदलली तरी विमा क्रमांक तोच राहतो. नव्या मालकाला तोच सांगा.

एकट्याने विचारले की ठेकेदार कामावरून काढण्याची भीती घालतो. दहा जणांनी मिळून विचारले की त्याला उत्तर द्यावे लागते. म्हणून येत्या रविवारी वंदनेला विहारात येताना पगाराची पावती सोबत आणा. शिकलेल्या मुलामुलींनी अर्धा तास बसून सर्वांच्या पावत्या वाचून द्याव्यात. शिका आणि संघटित व्हा, हा बाबासाहेबांचा संदेश आपल्या औषधपाण्यालाही लागू आहे.

जय भीम! नमो बुद्धाय!