मॅटरहॉर्नचे आरोहणमार्ग
मॅटरहॉर्न (उंची ४,४७८ मीटर) हे आल्प्स पर्वतातील, स्वित्झर्लंड व इटली यांच्या सीमेवरील शिखर होय. त्याच्या चार धारांपैकी ईशान्येची हॉर्नली धार आज सर्वाधिक वापरात आहे. स्वित्झर्लंडमधील झेरमाट गावातून ती फार उभी दिसते. म्हणून आरंभीच्या बहुतेक गिर्यारोहकांनी इटलीकडील नैर्ऋत्य धारच निवडली. तेथे वारंवार अपयश आल्यावर एडवर्ड व्हिंपर यांनी खडकांच्या थरांचा कल न्याहाळला. इटलीच्या बाजूस थर बाहेर उतरते होते, तर झेरमाटच्या बाजूस आत कललेले, म्हणजे जणू पायऱ्याच. १४ जुलै १८६५ रोजी सात जण हॉर्नली धारेने माथ्यावर पोहोचले; मात्र उतरताना एकाचा पाय घसरला, दोर तुटला आणि चौघे मृत्युमुखी पडले. तीनच दिवसांनी झाँ-आंत्वान कारेल इटलीच्या बाजूने चढले. झ्मुट धार १८७९ मध्ये, तर फुर्गेन धार १९११ मध्ये सर झाली. उत्तर कडा १९३१ मध्ये श्मिड बंधूंनी जिंकला. ते म्यूनिकहून चक्क सायकलींवरून आले होते.